पानिपत की बक्सार?

इतिहास पालटणारी लढाई कोणती, असे विचारताच आपल्या ओठांवर पानिपत येते. १४ जानेवारी १७६१ चा तो संहार विसरण्यासारखा नाहीच. परंतु लढाईचे मोल किती माणसे पडली यावरून ठरवावयाचे, की जेत्याच्या हाती काय पडले यावरून? अब्दाली जिंकला नि स्वदेशी परतला. १७७१ साली मराठे पुन्हा दिल्लीत होते. उलट २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारला इंग्रजांनी शुजाउद्दौला, मीर कासीम व बादशहा शहा आलम यांच्या पक्षाचा मोड केला आणि पुढल्याच वर्षी बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळविली. रयतेच्या महसुलावर कंपनीच्या पलटणी पोसल्या जाऊ लागल्या. १८०३ साली शिंद्यांकडून दिल्ली घेणारी लेकची फौज त्याच बंगालची! पानिपताचा शोक जरूर करावा. हिशेब मात्र बक्सारचा मांडावा.