आयुष्य राखताना स्मृतीही राखावी



फुप्फुसाचा वा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरला, हे कळताच कुटुंबाचा धीर खचतो. शल्यविशारद मेंदूतील गाठ काढतात आणि घरच्यांना वाटते, संकट टळले. परंतु गाठ निघाली तरी तिच्या जागी उरलेल्या पोकळीच्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगपेशी राहू शकतात. शस्त्रक्रियेनंतरच्या किरणोपचाराचे प्रयोजन हेच.

पूर्वी त्यासाठी संपूर्ण मेंदूला किरण देत. रोग परतण्याचे प्रमाण त्याने निश्चितच घटे. मात्र किंमत स्मृतीला मोजावी लागे. स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये वेगळा विचार मांडला. अनेक दिशांनी येणारे क्षीण किरण एकाच बिंदूवर एकवटावेत. तेथे मारा तीव्र व्हावा आणि भोवतालचा निरोगी भाग शक्यतो वाचावा.

या विचाराची कसोटी पुढे रुग्णांवर लागली. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्णांत वर्षभर त्या जागी रोग परतला नाही. पोकळीवर नेमके किरण दिलेल्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते. त्याच वर्षी अमेरिका व कॅनडातील १९४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर बौद्धिक क्षमता घटलेल्यांचे प्रमाण संपूर्ण मेंदूला किरण दिलेल्यांत ८५ टक्के, तर नेमक्या किरणांच्या गटात ५२ टक्के होते. आयुर्मान दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, सुमारे वर्षभराचे.

याचा अर्थ नवी पद्धत निर्दोष आहे असा नव्हे. मेंदूतील रोग आटोक्यात ठेवण्यात जुनी पद्धतच सरस ठरली. नेमके किरण घेतलेल्याच्या मेंदूत अन्यत्र नवी गाठ उद्भवू शकते. म्हणून ठरावीक काळाने एमआरआय तपासणी अपरिहार्य असते. गाठी किती, केवढ्या, मूळ रोग कोणता, यावर वैद्यांचा निर्णय अवलंबून असतो.

परंतु उरलेल्या दिवसांत नातवाला नावाने हाक मारता यावी, ही रुग्णाची इच्छाही त्या निर्णयात मोजली गेली पाहिजे. ती विचारण्याचे काम घरच्यांचे. आणि समाजाचे? परळमध्ये नाना पालकर यांच्या स्मृतीने उभी राहिलेली समिती परगावच्या रुग्णांना निवारा देते. उपचार यंत्राने होतात. आधार मात्र माणसांनीच द्यावा लागतो.