‘ओळखलंस का?’ हा प्रश्न नको





परिषदेच्या स्वागताध्यक्षाने गावाची, म्हणजे आपल्या पुण्याची, थोरवी सांगायची असते. मी एका चित्रपटापुरतंच बोलते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या आपल्या दिग्दर्शकांच्या ‘अस्तु’मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. तो पंडित हत्तीच्या मागे चालत घरच्यांपासून दुरावतो आणि माहुताची बायको त्याला सांभाळते. त्याची विद्वत्ता तिला ठाऊक नसते, म्हणून ती हरवल्याचं दुःखही तिला नसतं. समोर जो माणूस आहे, त्यालाच ती जेवू घालते.

समोर आहे त्या माणसालाच भेटायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. माझी आई नऊ वर्षं या आजारात होती. मी रोज तिच्यासमोर बसून विचारायची, ‘मी कोण, सांग बरं?’ उत्तर चुकलं की ती ओशाळायची आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. दिवाळीत एकदा मी अंगणात ठिपके काढत होते. ती मागून आली, खाली बसली, चिमटीत रांगोळी घेतली आणि रेघ ओढू लागली. कंगवा हातात दिला तर त्याचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं, पण रेघ सरळ होती. ठिपके जुळले नाहीत, नक्षी भलतीच झाली. अर्ध्या तासात मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. बऱ्याच महिन्यांनी मी तिची मुलगी होते.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर बाधित होतो. हाताला मुरलेल्या सवयी आणि तरुणपणी ऐकलेली गाणी बऱ्याच जणांत उशिरापर्यंत टिकतात. कलेने मेंदूची झीज थांबत नाही. तसं आश्वासन कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण जे शिल्लक आहे, तिथे जाऊन त्या माणसाला भेटता येतं.

कलेतून असं भेटण्याचं काम जगात सुरू झालंय. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या कलासंग्रहालयाने २००६ मध्ये स्मृतिभ्रंश झालेली माणसं आणि त्यांना सांभाळणारे यांच्यासाठी एकत्र चित्रं पाहण्याचा उपक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या ॲन बास्टिंग यांनी तर आठवणींचा हट्टच सोडला. एखादं मजेशीर चित्र दाखवायचं, गोष्ट रचायला सांगायची, आणि येईल ते उत्तर वहीत लिहून घ्यायचं. उत्तर चुकायची सोयच नाही!

आपल्याकडे मात्र अजून बऱ्याच ठिकाणी या आजारी माणसांसाठी सरसकट भजनं लावली जातात. ज्याने आयुष्यभर तमाशाचा फड सोडला नाही, त्याला सकाळ-संध्याकाळ भजन कशाला? कुणाला ओव्या हव्यात, कुणाला कोळीगीत, कुणाला झाडीपट्टीतल्या नाटकातलं पद. नको असलेल्या सुरांनी माणूस कावराबावराही होतो. आधी घरच्यांना विचारा, मग पेटी उघडा.

आणि त्या घरच्यांकडेही बघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातल्या बहुतेकांना घरातली बायको, सून किंवा लेक सांभाळते. तिला आपण बाहेरच्या बाकावर पिशवी धरून बसवतो. तिलाही झांज द्या, रंग द्या, तिची खुर्ची गाणाऱ्यांच्या वर्तुळातच मांडा. तिनेही कित्येक वर्षांत गाणं म्हटलेलं नसतं.

आता व्यवस्थेबद्दल. सभागृहाच्या डावीकडच्या खोलीत सतरंज्या, तबला-पेटी, रांगोळी आणि मऊ भात ठेवला आहे. तिथे दिवसभर कुणी ना कुणी असेल. परिषदेच्या दोन्ही दिवशी, घरच्यांचा हात धरून इथे आलेल्या आजारी माणसांपैकी कुणी मध्येच उठून चालू लागेल, मोठ्याने बोलेल, गाऊ लागेल. वक्त्यांना माझी विनंती आहे, तेव्हा आपण थांबावं. त्यांना कुणी खाली बसवू नये.