नांदायचं नाही, पण काडीमोडही नको



मागे एकदा आमच्या गटाची बैठक संपली. सगळ्या उठल्या, एक ताई मात्र बसून राहिली. नवऱ्याच्या दारूला आणि माराला कंटाळून ती लेकरांना घेऊन दोन वर्षं माहेरी आहे. म्हणाली, "मला परत नांदायला जायचं नाही. पण काडीमोडही नको. मग मी अशीच अधांतरी राहू का?" सासरचे स्टँपपेपरवर तिची सही मागत होते.

तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

हिंदू विवाह कायदा 1955 सालचा. तो बौद्ध, जैन आणि शीख बहिणींनाही लागू आहे. त्याच्या कलम 10 मध्ये एक मधली वाट आहे, न्यायिक विभक्तता. म्हणजे कोर्टाच्या हुकमाने वेगळं राहणं. लग्न मोडत नाही, पण एकत्र राहण्याचं बंधन सुटतं. छळ, दोन वर्षं टाकून देणं, बाहेरचे संबंध, अशी घटस्फोटाला चालतात तीच कारणं इथे चालतात. घटस्फोटासाठी सहसा लग्नाला एक वर्ष व्हावं लागतं, इथे ती अट नाही.

यात मिळतं काय? कोर्टाकडे पोटगी मागता येते, केस चालू असतानाही. वेगळं राहत असताना नवऱ्याने शरीरसंबंधाची जबरदस्ती केली तर तो गुन्हा आहे. मृत्युपत्र न करता नवरा वारला, तर बायको म्हणून वारसहक्क राहतो. घटस्फोटानंतर तो राहत नाही. लेकरांचा बापाच्या मिळकतीतला हक्क मात्र घटस्फोट झाला तरी जात नाही, हे त्या ताईला माहीतच नव्हतं.

आता दुसरी बाजू. लग्न कायम असल्यामुळे दोघांनाही दुसरं लग्न करता येत नाही. आणि हे नीट ऐका: हुकूम झाल्यावर एक वर्षभर दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कोणीही त्याच आधारावर घटस्फोट मागू शकतं. म्हणजे नवराही. तेव्हा ही वाट कायमची ढाल नाही. विचार करायला, पायावर उभं राहायला मिळालेला तो वेळ आहे. मन जुळलं, तर कोर्टाकडून हुकूम रद्दही करून घेता येतो.

स्टँपपेपरवरची सोडचिठ्ठी म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका, अंगठा देऊ नका.

वकिलाला पैसे कुठून आणू, असं म्हणू नका. बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. 15100 वर फोन केला तरी माहिती मिळते. केस तुम्ही राहता त्या भागातल्या कोर्टातही घालता येते, सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. जाताना लग्नपत्रिका किंवा फोटो, आधार कार्ड, दवाखान्याचे आणि पोलीस तक्रारीचे कागद असतील तर सोबत न्या. मार चालूच असेल तर कोर्टाची वाट बघू नका, 112 लावा.

त्या ताईने सही केली नाही. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी एसटीने तालुक्याला गेलो. वेगळं राहायचं की पुरतं मोडायचं, हे ती वकिलाशी बोलून ठरवेल. ठरवणार मात्र तीच.

तुमच्या गटातही अशी कोणी मागे बसून राहत असेल. तिच्याजवळ बसा.