सुईपुढचे मूल आणि शिक्षक



लस टोचणारे पथक शाळेच्या आवारात शिरले म्हणजे काय घडते, हे आपणांस सांगावयास नको. सुई अद्याप पेटीतच असते, तोच पहिलीतील एक मूल हुंदका देते आणि पाहता पाहता निम्मा वर्ग रडू लागतो. दोघे-तिघे कुंपणावरून पसारही होतात. हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पळालेले मूल लशीला मुकते, आणि पुढे दवाखान्याची पायरी चढण्याचीच त्याला धास्ती बसते.

शिरूर कासार तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास येथील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जातात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ वा हंगामी वसतिगृहात असतात. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, ती नेमकी अशाच दिवसांत आणि शाळाशाळांतून. आजही दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस टोचावयाची असते. त्या घटकेस ज्याच्याजवळ आई नाही, त्याला शिक्षकाचाच हात जवळचा.

मग शिक्षकाने करावे काय? मुलाचे मन दुसरीकडे गुंतवावे. मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली असा सिद्धान्त मांडला की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एका दारातून जातो, आणि ते दार किती उघडावे यावर मेंदूचीही सत्ता चालते. तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या; परंतु भयाने वेदना वाढते आणि लक्ष अन्यत्र असता ती घटते, ही गोष्ट टिकून राहिली. विटीदांडूच्या भरात गुडघा फुटलेला मुलगा रक्त दिसेपर्यंत खेळतच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या शिफारशींतही लहान मुलांचे मन खेळण्यांत वा गाण्यांत गुंतवावे, त्यांच्याजवळ त्यांचे माणूस असावे आणि टोचणाऱ्याने शांतपणे बोलावे, असे सांगितले आहे.

मात्र "तो बघ कावळा!" म्हणून सुई खुपसणे म्हणजे मन गुंतविणे नव्हे, ती फसवणूक झाली. तीच गत "मुळीच दुखणार नाही" या आश्वासनाची. "क्षणभर टोचेल, मग झाले" एवढे खरे सांगावे आणि लागलीच खेळ सुरू करावा. लहानग्याच्या हाती कागदाची भिंगरी द्यावी. ती फिरविण्यासाठी तो लांब फुंकर घालतो, आणि श्वासाबरोबर आवळलेला दंडही सैल पडतो. थोरल्यास असे काही विचारावे की उत्तरासाठी त्याला आठवावे लागेल: घरच्या शेळीला करडे किती, कोणते कोणत्या रंगाचे, सर्वांत खोडकर कोणते. पाढे म्हणावयास लावण्याचा मोह अनेकांना होतो. पण चुकल्यास डोळे वटारणारे गुरुजी समोर असले तर त्यापेक्षा सुई बरी वाटावयाची! काही मुलांना सुईकडे पाहावयाचेच असते. त्यांना खुशाल पाहू द्यावे.

या उपायाने वेदना नाहीशी होत नाही, सुसह्य होते. भाजलेल्या वा हाड मोडलेल्या मुलास गोष्ट सांगत बसू नये. त्याला वैद्यकीय उपचारच हवेत.

पथक येण्यापूर्वी खोलीची मांडणी ठरवावी. रांगेतील मुलांना टोचणे दिसू नये, आणि टोचून झालेल्यांनी दुसऱ्या दाराने बाहेर पडावे. मुलास बसवूनच टोचावे. थोरली मुले-मुली कधी भोवळ येऊन पडतात. टोचलेली जागा चोळू नये. "गप्प बस, नाहीतर सुई द्यायला लावीन" ही धमकी तर वर्गातून वर्षभरच हद्दपार असावी. टोचल्यानंतर अर्धा तास मुलांना नजरेखाली ठेवावयाचे असते. त्या वेळेसाठी एखादी लांबलचक गोष्ट आदल्या दिवशीच तयार ठेवावी.