रसायनाच्या विद्यार्थ्यास विरजणाची ओळख

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प ठाऊक नाही असा मनुष्य अहिल्यानगर जिल्ह्यात विरळा. तथापि मळीपासून मद्यार्क कसा होतो, असे आमच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास विचारले, तर तो फळ्यावर समीकरण बिनचूक मांडतो, आणि हे काम करतो कोण, असे पुढे विचारताच ‘तो जीवशास्त्राचा भाग’ म्हणून हात झटकतो. माझी तक्रार आहे ती या हात झटकण्याविषयी.

घरचे विरजणच घ्या. दुग्धशर्करेचे दुग्धाम्ल होते, एवढे सांगून आमचा पदवीधर मोकळा होतो. परंतु समीकरणाचे नावही न ऐकलेली त्याची आजी दुधात करंगळी बुडवून ते कोमट आहे की कढत हे पाहते, थंडीत भांडे चुलीच्या उबेला सरकवते, आणि विरजण कढत दुधात पडले तर दही लागायचे नाही हे पक्के जाणते. समीकरणास थंडी वाजत नाही, बाबांनो. ते घडवणाऱ्या जंतूंना वाजते. म्हणून पुन्हा विचारतो, करतो कोण?

लुई पाश्चर मूळचा स्फटिकांचा अभ्यासक, रसायनज्ञ. परंतु लील शहरी बीटच्या मद्यार्काचा कारखानदार गाऱ्हाणे घेऊन आला, तेव्हा तो सूक्ष्मदर्शक घेऊन बसला, आणि १८५७ साली दुग्धाम्लाचे आंबणे सजीव जंतूच घडवतात, असे सांगणारा निबंध त्याने सादर केला. पुढे १८९७ साली जर्मन रसायनज्ञ बुखनरने यीस्ट वाटून काढलेल्या निव्वळ रसानेही साखर आंबते हे दाखवले, आणि जीवशास्त्रात गेलेला प्रश्न त्या रसातील विकराच्या (एन्झाइमच्या) रूपाने पुन्हा रसायनाच्या दारी आला.

परकीयांचे दाखले नको असतील, तर दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई सोहोनी यांचा घ्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनाची पदवी घेऊन त्या बंगलोरला गेल्या. स्त्री म्हणून तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रथम नकार दिला, मग एक वर्षाच्या अटीवर घेतले. तेथे आपले मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिने, पुढे केंब्रिजला बटाटा आणि वनस्पतिपेशींतील सायटोक्रोम सी हे प्रथिन. १९३९ साली डॉक्टरेट. दूध, डाळ, बटाटा: विषय बहुतेक स्वयंपाकघरातलेच! नंतरचे त्यांचे नीरेवरील काम तर स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

आता, एकाच महाविद्यालयात रसायनाचा विभाग एका टोकास, सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टोकास कुलपात, आणि किल्ली शिपायाकडे, या बंदोबस्ताविषयी प्राचार्यमंडळींस दोन शब्द सुनवायचे होते. परंतु मुक्रर वेळ संपली, असे समोरून खुणावत आहेत.