किराण्याची यादी कुणी करायची?

आजचा विषय महिन्याच्या किराण्याचा आणि रोजच्या स्वयंपाकाचा आहे. देशाच्या अर्थसंकल्पावर आपण व्याख्यानमालांतून दरवर्षी बोलतो. ज्या अर्थसंकल्पाची झळ महिन्याच्या वीस तारखेनंतर घरोघर बसते, त्याच्याकडे मात्र बायकांचे खाजगी काम म्हणून पाहतो. ‘घरची बाई काटकसरी असेल तर संसार तरतो’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो, आणि तिथेच आपला हिशेब चुकतो. घरखर्चातली काटकसर हे सगळ्या घराने मिळून करायचे नियोजन आहे. ती एकटीचा गुण म्हणून सोडून दिली, की बरेचदा खर्च कमी होतच नाही. वहीत तो कमी दिसतो, पण उरलेली रक्कम कुणाच्या तरी ताटातून आणि कुणाच्या तरी झोपेतून वसूल होते. हे माझे म्हणणे आज सविस्तर मांडायचे आहे.

आधी पैसा कुठे जातो ते पाहू. महागाईचा विषय निघाला की आपण गहू, तांदूळ आणि डाळीच्या भावाबद्दल बोलतो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातले चित्र वेगळे आहे. शहरी कुटुंबाच्या एकूण मासिक खर्चातले सुमारे ४० टक्के अन्नावर जातात, ग्रामीण कुटुंबाचे सुमारे ४७ टक्के. या अन्नखर्चात सगळ्यांत मोठा वाटा आहे पेये, तयार खाद्यपदार्थ आणि प्रक्रिया केलेले अन्न यांचा. शहरात तो एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच शहरी कुटुंबाचा धान्यावरचा खर्च ४ टक्क्यांहूनही कमी भरतो. म्हणजे पोळी आणि भातासाठी जेवढे पैसे मोजले जातात, त्याच्या अडीच पटींहून जास्त चहा-सरबते, बिस्किटे, फरसाण आणि बाहेरून आणलेल्या जेवणावर मोजले जातात. या वर्गात चहा-कॉफीही येते आणि नोकरीच्या गावी खाणावळीत जेवणाऱ्याचे ताटही येते, तेव्हा सगळाच खर्च चैनीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण तांदूळ दोन रुपयांनी स्वस्त कुठे मिळतो हे शोधत तीन दुकाने पालथी घालणाऱ्या घराने एकदा हा दुसरा आकडा आपल्या वहीत काढून पाहावा. कात्री लावायची तर ती कुठे, हे त्यातून कळते.

हा आकडा फुगला तो लोक चोचले करू लागले म्हणून, असे निदान लगेच केले जाते. मला ते पटत नाही. तयार पीठ, निवडलेली भाजी, पाकिटातले इडलीचे पीठ, रात्री मागवलेले जेवण या सगळ्यांतून घर वेळ विकत घेत असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसातून काहीतरी घरकाम करणाऱ्या बायकांचे प्रमाण ८१ टक्के होते, पुरुषांचे २६ टक्के. जी बाई हे काम करते तिची त्यात सरासरी २९९ मिनिटे जातात. जो पुरुष करतो त्याची ९७. दिवसाचे पाच तास आधीच देणाऱ्या बाईला नोकरी करून वर ‘घरचे पीठ दळून आण, मसाला घरी कुट’ असे सांगणे ही काटकसर नव्हे. म्हणून आपल्या जुन्या स्वयंपाकाचे गोडवे गाताना मी थोडा सावध असतो. उन्हाळ्यातली वाळवणे, वर्षाचे तिखट, सांडगे, कुरडया, मेतकूट, भाजणी ही फार शहाणपणाची व्यवस्था होती, यात शंका नाही. पण ती चार-पाच बायका दुपारभर गच्चीवर आणि अंगणात बसू शकत होत्या म्हणून चालली. त्या श्रमाला वहीत रकाना नव्हता, म्हणून ती स्वस्त दिसली.

यावर कुणी म्हणेल, मग पाकिटेच बरी, वेळ तरी वाचतो. तसेही नाही. पैसा वाचवणाऱ्या पदार्थांपैकी कितीतरी पदार्थ मुळातच कमी कष्टाचे आहेत, आणि आपण नेमके तेच मागे टाकले. मटकीचेच घ्या. रात्री वाटीभर मटकी भिजत घातली, सकाळी उपसून फडक्यात बांधली, की संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात. चौघांची उसळ होते. यात माणसाचे हात लागतात ते पाच मिनिटे, उरलेले काम पाणी आणि ऊब करते. भिजलेले कडधान्य लवकर शिजते, त्यामुळे गॅसही कमी जळतो. कोरड्या कडधान्यात शंभर ग्रॅमला साधारण वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पाव किलो पनीरमध्ये साधारण जेवढी प्रथिने, जवळपास तेवढी दोनशे ग्रॅम मटकीत मिळतात. आपापल्या बाजारातले भाव लावून पाहा, पैशांतला फरक तिपटी-चौपटीचा निघेल. पनीर वाईट आहे असे नाही. कडधान्याच्या प्रथिनांत काही घटक कमी पडतात, पण ते ज्वारी, बाजरी, तांदूळ भरून काढतात. उसळ-भाकरी, वरण-भात, कुळथाचे पिठले आणि भात या जोड्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या काही फक्त चवीमुळे नाहीत. पिठल्याला तर दहा मिनिटेही लागत नाहीत. अडचण दिसते ती ‘आज काय करायचे’ हा प्रश्न संध्याकाळी सात वाजता पडतो म्हणून. भिजत घालायची वेळ तोवर गेलेली असते, आणि मग फोन हातात येतो. म्हणजे इथे कमी पडते ती आदल्या रात्रीची आठवण. ती आठवण ठेवायला स्वयंपाक यावा लागत नाही, घरातले कुणीही ठेवू शकते.

आता उरलेल्या अन्नाकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची दुखरी जागा तिथे आहे. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी, शिळ्या भाकरीचा कुस्करा, आंबट झालेल्या ताकाची कढी, उरलेल्या वरणात कणीक मळून थालीपिठे, कोथिंबिरीच्या कोवळ्या देठांची चटणी, दुधी-दोडक्याच्या शिरांची चटणी, असे हे आपल्या स्वयंपाकाचे वैभव आहे. ते मी मनापासून वैभव म्हणतो. अन्न फेकणे म्हणजे त्यासाठी दिलेले पैसे, जाळलेला गॅस आणि शेतकऱ्याचे कष्ट तिन्ही एकदम फेकणे. पण उरलेले अन्न घरात कोण खाते हे विचारले पाहिजे. बहुतेक घरांत ताजी पोळी पानावर वाढली जाते आणि शिळी वाढणारीच्या वाट्याला येते. भाजी कमी पडली तर तीही तिलाच कमी पडते. आमटी वाढवायला पाणी घातले जाते, आणि तळाशी राहिलेले पातळ पाणी शेवटी जेवणारीच्या वाटीत जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. त्याच वयाच्या पुरुषांत देशाचा आकडा २५ टक्के आहे. मासिक पाळी आणि बाळंतपण ही त्यामागची मोठी कारणे आहेतच, आणि सगळा दोष ताटावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पण ज्या शरीराला लोहाची गरज जास्त, त्याच्याच वाटीत डाळ कमी, ही रीत त्या आजाराला मदत करते हे नाकारता येणार नाही. अशा घरात महिन्याला पाचशे रुपये शिल्लक पडले, तर त्यातले किती खरोखर वाचले आणि किती एकीच्या अंगातून काढले, हे वही सांगत नाही. शिळे खायचेच असेल तर ते सगळ्यांच्या पानात सारखे पडले पाहिजे. तसे ठरवले, की एक फायदा लगेच होतो. किती उरते यात सगळ्यांनाच रस निर्माण होतो आणि दुसऱ्या दिवसापासून माप नीट पडू लागते.

मापाचे महत्त्व आपल्याकडे फार उशिरा ओळखले गेले. ‘अंदाजाने घालावे’ ही स्वयंपाकातली मोठी विद्या मानली जाई. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले, त्याचा लाभ नवशिक्या मुलींना झाला असे आपण म्हणतो. माझ्या मते त्याहून मोठा लाभ खर्चाच्या दृष्टीने होता. अंदाज एकीच्या हातात असतो, माप कुणालाही सांगता येते. चौघांना तांदूळ किती वाट्या लागतात आणि महिन्याला तेल किती संपते, हे लिहून ठेवले की ते ज्ञान घराचे होते. मग घरची बाई माहेरी गेली, आजारी पडली, रात्रपाळीला गेली, तरी बजेट कोलमडत नाही. तेलाचे उदाहरण मुद्दाम देतो. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो, त्यामुळे जगात कुठे काही बिनसले की आपल्या डब्याचा भाव हलतो. बाटलीतून धार सोडण्याऐवजी चमच्याने तेल घेणाऱ्या घराला ती झळ कमी लागते आणि तब्येतीलाही ते बरे.

भाव आपल्या हातात नसतात, पण पर्याय पुष्कळदा असतात. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोने अनेक शहरांत किलोला शंभरी ओलांडली, काही ठिकाणी तो दीडशे-दोनशेच्या घरात गेला. तेव्हा घराघरांत जो हलकल्लोळ झाला तो पाहून नवल वाटावे, कारण आंबटपणासाठी आपल्याकडे चिंच आहे, आमसूल आहे, कैरी आहे, ताक आहे. कोकणातली आमटी आमसुलावर आणि देशावरची चिंच-गुळावर कितीतरी वर्षे चालत आली. त्या महिन्यात चिंचेची बरणी भरलेली असलेल्या घराला टोमॅटोवाचून अडण्याचे कारण नव्हते. मेथी, मटार, गाजर थंडीत, शेवग्याच्या शेंगा उन्हाळ्यात, भोपळा कधीही. ऋतू पाळणाऱ्याला भाजी स्वस्त पडते, ही गोष्ट एवढी उघड आहे की तिच्यावर जास्त बोलत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मी टाळणार नाही. ज्याच्या हातात रोज संध्याकाळी मजुरी पडते आणि रोजच चूल पेटवायची असते, त्याला महिन्याची यादी कसली सांगता? दहा रुपयांचे तेल आणि पाच रुपयांची चहापूड आणणाऱ्याला किलोचा भाव बहुतेक वेळा चढाच पडतो, पण एकरकमी घ्यायला गाठीला पैसे नसतात. हे खरे आहे. रेशनवर अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना पाच किलो धान्य आज मोफत मिळते, म्हणून भूक थांबते. पण डाळ, तेल, भाजी बाजारातूनच घ्यावी लागते, आणि पोषण नेमके तिथे अडकते. अशा घराला काटकसर शिकवायला जाणे हा अपमान आहे. त्यांना गरज आहे ती रेशनवर डाळ-तेल मिळण्याची आणि एकत्र खरेदीची. एकत्र खरेदी म्हणजे काय हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एका जागी उतरतो आणि सभासद स्वतः तो वाटून घेतात. हजारो कुटुंबे आजही असे सामान घेतात. ती मुख्यतः मध्यमवर्गाची चळवळ राहिली हे मान्य. पण गावोगावचे महिला बचत गट आठवड्याला पैसे गोळा करतातच, त्यांनी पोतेभर तूरडाळ एकत्र घेऊन वाटून घेणे अवघड नाही.

‘महागाई सरकारने आवरावी, स्वयंपाकघरात डोकावू नये’ असेही म्हटले जाते. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, त्यांनी सरकारला जाब विचारला. तो विचारायलाच हवा होता, आजही हवा आहे. पण डाळीला महिन्याला किती पैसे लागतात हे ज्या घरात एकाच व्यक्तीला माहीत असते, त्या घरातून एकच व्यक्ती मोर्चाला जाते. हिशेब सगळ्यांना कळला, तर भाववाढ हा सगळ्यांचा प्रश्न होतो.

म्हणून माझी एकच विनंती आहे, आणि ती या सभागृहात बसलेल्या पुरुषांना आणि कमावत्या मुलांना आहे. येत्या एक तारखेला किराण्याची यादी तुम्ही करा. दुकानाचे ॲप उघडण्याआधी घरातले डबे उघडा, काय उरले आहे ते पाहा, कोण किती खाते ते विचारा, पाकिटावर छापलेला किलोचा किंवा ग्रॅमचा भाव वाचा, आणि रात्री कडधान्य भिजत घालण्याचे काम महिनाभर स्वतःकडे घ्या.