रुळांखालची वाट
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बार्शी लाइट रेल्वेची हकीकत आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीस निघालेली ती अडीच फुटी गाडी 1906 मध्ये पंढरपुरास, 1911 मध्ये लातुरास आणि 1927 मध्ये मिरजेस पोहोचली, 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ती विकत घेतली आणि 2008 मध्ये लातुराहून रुंद रुळांची गाडी कुर्डुवाडीपर्यंत धावू लागली, हे सारे गृहीत धरून मी पुढे जातो. माझे प्रतिपादन एवढेच, की रेल्वेच्या जुन्या पुलांचा इतिहास त्यांच्याखालून गेलेल्या रस्त्यानेच सांगितला पाहिजे.

रस्ता आधीचा. बालाघाटाची चढण येडशीच्या बाजूने चढताना रुळांना भराव हवा, आणि भराव घातला की गावाची वहिवाट अडते. तेव्हा कडब्याने शिगोशीग भरलेली गाडी खालून निघेल एवढी वाट मोकळी ठेवणे रेल्वेस भाग पडे. अशा मोरीत उभे राहून भिंतीवरून हात फिरवावा; बैलगाडीच्या चाकातील तुंब्याच्या उंचीवर काळा दगड घासून गुळगुळीत झालेला लागतो. निजामाच्या मुलखातील रयतेचा हा दस्तऐवज करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, कोणत्याही दप्तरात मिळावयाचा नाही.

आता हे पूल हलके का, हे सांगण्यासाठी ही रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याकडे वळावे लागते. एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हा त्याचा नियम; म्हणून इंजिनाचे वजन अनेक चाकांवर वाटले गेले, वारास तीस पौंडांचा रूळ पुरला आणि पुलांचा खर्च आटोक्यात राहिला. आपली गाडी येथे येण्यापूर्वी त्याने ती इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून चालवून दाखविली. पुढे याच गृहस्थाने वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली आणि तिचे नाव ठेवले ‘गार्डियन एंजल’. (हशा) आपण हसता, परंतु मला यात विसंगती दिसत नाही. भार जमिनीवर सौम्यपणे कसा उतरवावा, याच एका चिंतेत त्या माणसाचे आयुष्य गेले. 

नळदुर्ग आणि परंडा असताना या मोऱ्यांचे कौतुक कशाला, असे एका सद्गृहस्थांनी चिठ्ठीवर विचारले आहे. किल्ल्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु किल्ल्यांची दखल पुरातत्त्व खात्याने घेतलेली आहे, या मोऱ्यांना वाली कोण? रस्ता रुंद करावयाचा म्हटले की प्रथम कुऱ्हाड यांच्यावर, आणि घडीव दगड रातोरात कोणाच्या तरी जोत्यात जातो.  

म्हणून एक विनंती करतो. आपल्या शिवारातील जुना पूल पाडण्याचा ठराव ग्रामपंचायतीत येईल त्या दिवशी फीत घेऊन जावे, मोरीची उंची नि रुंदी मोजावी, दोन छायाचित्रे काढावीत आणि ती नोंद ठरावासोबत ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावून घ्यावी.